देवीची जीभ

गुरुवारी लोणारच्या एस.टी. स्टँडवर उतरणाऱ्या माणसाच्या हातात बाटली नसली, तर लोक त्याच्याकडे वळून पाहत, असे दिवस आले होते. माक्याच्या तेलाची बाटली, खोकल्याच्या औषधाची बाटली, घासलेटची बाटली, आणि एका आजोबांकडे तर चक्क शाईची दौत. तोंडाला कापडाचा बोळा, वर सुतळी, आणि ते सगळं पदराखाली नाहीतर उपरण्यात गुंडाळलेलं. आत काय आहे हे अख्ख्या गाडीला माहीत, पण नाव कोणी घ्यायचं नाही. आत लघवी असायची. लोक तिला 'पाणी' म्हणत. कंडक्टर दर गुरुवारी तेच सांगून थकला होता, "मावशी, मांडीवर धरा, सीटवर ठेवू नका." तरी सीटा ओल्या व्हायच्याच.

महाराष्ट्र राज्य होऊन सहा-सात वर्षं झाली होती. मी, उत्तमराव, लोणारच्या हायस्कुलात शास्त्र शिकवत होतो, आणि माझ्या शाळेपासून मैलभरावर, सुलतानपूरच्या रस्त्याला चिंचेखालच्या ओट्यावर, पिवळी कफनी घातलेला एक महाराज लोकांच्या लघवीतून कॅन्सर शोधत होता.

कॅन्सर हा शब्द आमच्याकडे तेव्हा नवा. कॉलरा, देवी, क्षय यांची लोकांना सवय होती. हा नवा पाहुणा कुठून येतो, कसा दिसतो, काही कळत नव्हतं, आणि जे कळत नाही त्याच्यावर दुकान लवकर चालतं. महाराजाकडे बोटभर रुंद, वीतभर लांब अशा पिवळ्या चिंध्यांची जुडी असायची. ती म्हणे देवीची जीभ. भक्ताच्या बाटलीत चिंधी बुडवायची. पिवळी राहिली तर माणूस निर्मळ. लाल झाली तर आत किडा, म्हणजेच कॅन्सर.

"बोलू नको माय, तू काईच बोलू नको," महाराज प्रत्येक बाईला म्हणायचा. आवाज गोड, मधे मधे हिंदी. "डाक्टर इचारते, कुठी दुखते, कवापासून दुखते, लुगडं बाजूले कर. माही आई इचारत नाही. माही आई चाटते आन सांगते. पानी झूठ बोलत नही, और जीभ झूठ बोलत नही."

मग चिंधी बाटलीत जायची. धूप एवढा की समोरचा माणूस दिसायचा नाही. चिंधी वर यायची, आणि दहांतल्या सहा-सात वेळा ती कुंकवासारखी लाल असायची. आया-बाया मागे सरायच्या.

आमच्या गल्लीतल्या कौशल्याबाईंची चिंधी लाल निघाली त्या दिवशी मी तिथे होतो, गंमत पाहायला. कौशल्याबाई म्हणजे किराणा दुकानातली गुळाची ढेप एकटीने उचलणारी बाई. ती चिंचेच्या मुळीवर बसली ती उठेना. सात दिवसांच्या सात पुड्या घेऊन घरी गेली, अन्न सोडलं, चांगली लुगडी सुनांना वाटून टाकली. पुढच्या गुरुवारी पुन्हा ओट्यावर. दुसऱ्या खेपेचा नियम वेगळा. बाटली आणायची नाही. महाराजाची शिष्या हातात कोरा मातीचा पेला द्यायची, ओट्यामागच्या कुडाआड जाऊन तो भरायचा आणि लगेच आणून द्यायचा. चिंधी बुडवली, पिवळी ती पिवळीच. किडा मेला. जयजयकार झाला. सुनांकडून लुगडी परत मागताना मात्र कौशल्याबाईंची जरा पंचाईत झाली.

हे मी शाळेत सगळ्यांना रंगवून सांगायचो. महाराजाची नक्कल करायचो. घरी सांगायचो, पारावर सांगायचो, सुलतानपूरला माझ्या अक्काकडे गेलो तर तिथे जेवता जेवता सांगायचो. "अक्का, तुमच्या गावचे लोक बाटल्या घेऊन असे पळतात, जसं काही अमृत सांडतंय." अक्का वाढता वाढता हसायची. निदान मला तसं वाटायचं.

सत्यभामाबाई, माझी अक्का, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, मला तिनंच वाढवलं. तिचे मालक तुळशीराम भाऊजी यांची सुलतानपूरला वांग्या-मिरचीची बागाईत. मूलबाळ नाही. दोघांचं जग म्हणजे मळा आणि मी.

चैत्रात एका दुपारी तुळशीराम भाऊजी शाळेत आले. शाळेत ते कधी येत नसत. व्हरांड्यात टोपी हातात धरून उभे राहिले.

"मास्तर, तुमच्या अक्काले रक्त जाते."

"कुठून?"

त्यांनी मान खाली घातली. "पाण्यातून. दुखत बिखत काई नाही. चार दिस जाते, मंग पंधरा दिस काईच नाही. मंग आनिक जाते."

"कधीपासून?"

"कार्तिकापासून."

मी बोटांवर मोजलं. पाच महिने. "आणि मला आज सांगता?"

"तुमची अक्का नाही म्हने. लहान भावाले कसं सांगाव म्हने, लाज वाटते म्हने." भाऊजी थांबले. "आन तुमी हासता ना, मास्तर. घरी येऊन सगळ्याइले हासता. मंग ते महाराजाकडंच गेली."

ती फाल्गुनात लोणारला आली होती. माझ्या गावी आली, चिंचेखाली गेली आणि माझ्या घरी पाय न ठेवता परतीच्या गाडीत बसली. बहीण भावाच्या गावी येते आणि त्याच्या दारावरून पाणी न पिता जाते, हे आमच्याकडे भांडण झाल्याशिवाय होत नाही. मला तेच आधी लागलं, खरं सांगतो. रक्ताचं नंतर.

"मग महाराज काय म्हणाला?"

"निर्मळ," भाऊजी म्हणाले. "जीभ पिवळी राह्यली. उष्णता हाये, सब्जा प्या म्हने. ते खुश होऊन घरी आली. पन रक्त तं जाऊनच राह्यलं."

संध्याकाळी मी सुलतानपूरला गेलो आणि दुसऱ्या दिवशी अक्काला लोणारच्या दवाखान्यात घेऊन आलो. तिथले डॉक्टर शांत माणूस. त्यांनी बाकी सगळ्यांना बाहेर काढलं, तिच्याशी बोलले, लघवी तपासली. निळं औषध घालून स्पिरिटच्या दिव्यावर तापवलं, रंग निळाच राहिला, म्हणाले साखर नाही. मग तळाशी बसलेला गाळ काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मला आत बोलावून म्हणाले, "रक्त आहे. या वयात, न दुखता, असं थांबून थांबून रक्त जातं तेव्हा मूत्राशयात गाठ तर नाही ना, हे पाहावंच लागतं. माझ्याकडे ते साधन नाही. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नळी घालून आतून बघतात. उशीर करू नका."

'नळी घालून' एवढंच अक्कानं ऐकलं.

"मी नाही जात," ती घरी येऊन म्हणाली. "देवीनं सांगतलं निर्मळ हाये, तं निर्मळ हाये."

"अक्का, डॉक्टरांनी रक्त पाहिलं."

"डाक्टरनं बी रंगच पाह्यला. निळं औषध टाकलं आन रंग पाह्यला. महाराजानं बी रंगच पाह्यला. तुहा रंग खरा आन माह्या देवीचा खोटा काऊन?"

प्रश्न अगदी बरोबर होता. माझ्या वर्गातल्या एकाही पोरानं मला असा प्रश्न विचारला नव्हता. पाच महिने मी महाराजाच्या नकला करत होतो, पण ती चिंधी लाल का होते, हे शोधण्याची तसदी मी घेतली नव्हती. थोतांड आहे म्हटलं की झालं, असा माझा हिशेब. शास्त्राचा मास्तर म्हणवणाऱ्याला हे शोभत नाही.

"मी दाखवलं तर?" मी म्हटलं. "जीभ खोटी आहे असं तुझ्या डोळ्यांसमोर दाखवलं तर नागपूरला येशील?"

"येईन," ती म्हणाली. "पन माह्या डोयासमोर. तुह्या गोठी ऐकून नाही."

उत्तर माझ्या स्वयंपाकघरात सापडलं, आणि ते मला सापडलं नाही. चैत्रात आमच्याकडे पापडांचा घाणा निघतो. माझी बायको आशा पापडाचं पीठ भिजवत होती. लोणारच्या बायका पापडाला सरोवराचा खार घालतात, बाजारचा नाही. मी तिच्यासमोर बसून चिंधीचं कोडं सांगत होतो.

"पिवळी चिंधी लाल होते, एवढंच ना?" ती म्हणाली. "हळदीची असीन."

"हळदीची असली म्हणून लाल का होईल?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की माझी बी.एस्सी. तिच्या हुंड्यातून झाली असती तर तिनं ती परत मागितली असती. हळदीचा हात तिनं पाटावर पुसला, त्या पिवळ्या डागावर खाराच्या पाण्याचे दोन थेंब टाकले. डाग लाल झाला. "लग्नातल्या हळदीचे कपडे सोड्यानं धुतले की लाल होतात, हे कोण्या बाईले माहीत नाही? तुमी शाळेत काय शिकवता मंग?"

शाळेत मी हेच शिकवत होतो. हळदीचा कागद, अल्क, आम्ल, सगळं फळ्यावर. दर वर्षी नवसागर आणि चुना एकत्र करून अमोनिया वायू काढायचो, त्यावर ओला हळदीचा कागद धरायचो, तो लाल व्हायचा आणि पोरं नाक धरायची. नाक धरण्यावरून मला चिंचेखालचा तो वास आठवला. धुपाच्या आड दुसरा एक वास असायचा, डोळ्यांत पाणी आणणारा. मी तो लोकांच्या गर्दीचा समजलो होतो. तो अमोनियाचा होता.

आता एकच राहिलं. खार नाही, चुना नाही, मग लोकांच्या बाटल्यांत अमोनिया कुठून आला? मी भाऊजींना विचारलं, "बाटली भरायचा काही नियम आहे का?"

"हाये ना. मंगळवारी दिवेलागनीले भरायची आन देवापुढं ठेवायची. बोळा काढायचा नाही. गुरुवारी आनायची. दोन रात्री देवापुढं राह्यली म्हंजे देवी जागी होते."

"आणि अक्काची?"

"तिची बाटली इथं उतरतानी स्टँडवर फुटली. मंग त्या शिष्येनं तिले मातीचा पेला देल्ला. तठीच भरला."

चैत्राचं ऊन, बंद बाटली, दोन रात्री आणि एक पूर्ण दिवस. लघवी ताजी असते तेव्हा बहुधा आंबटपणाकडे झुकलेली असते, तिच्यात हळद पिवळीच राहते. ठेवली की नासते. दूध नासून आंबट होतं, लघवी नासून उलट्या बाजूला जाते, खाराच्या बाजूला, आणि अमोनिया सोडते. ज्यांच्या बाटल्या नीट उकळून धुतलेल्या, त्यांची कमी नासायची, ते निर्मळ. बाकीच्यांना कॅन्सर. सात दिवसांनी ताजी भरली की सगळे बरे. पुडीत चुलीतली राख असती तरी बरे झाले असते. महाराजाची जीभ माणसाचा रोग चाखत नव्हतीच. लघवी किती शिळी आहे, तेवढंच तिला कळत होतं.

आणि माझ्या बहिणीची बाटली स्टँडवर फुटली म्हणून ती निर्मळ ठरली होती.

मंगळवारी दिवेलागणीला तुळशीराम भाऊजींनी माझ्या घरी दोन बाटल्यांपैकी एक भरली. माणूस धडधाकट, आयुष्यात दवाखान्याची पायरी चढला नव्हता. बोळा घट्ट बसवून बाटली आम्ही देवापुढे ठेवली. नियम पाळायचा तर नीट पाळायचा. दुसरी बाटली गुरुवारसाठी रिकामी ठेवली. अक्का सगळं पाहत होती.

गुरुवारी आम्ही चौघं रांगेत उभे राहिलो. अक्का, भाऊजी, आशा आणि मी. भाषण करायचं नाही, असं आशानं मला घरून बजावून आणलं होतं.

भाऊजींनी मंगळवारची बाटली पुढे केली. महाराजानं बोळा काढला, मी नाक धरलं, चिंधी आत गेली आणि लाल झाली.

"किडा," महाराज म्हणाला. "मोठा किडा हाये बाप्पा. लेकिन घबराओ मत."

"घाबरत नाही," भाऊजी म्हणाले. "महाराज, आता आत्ताचं पाहा." ते कुडाआड गेले आणि दुसरी बाटली भरून आले. मी हात जोडून म्हटलं, "पुडी घेतली नाही, सात दिवस झाले नाहीत, माणूस तोच."

महाराज थबकला. पण इतक्या लोकांपुढे नाही कसं म्हणणार? चिंधी बुडाली. पिवळी राहिली.

मग महाराज हसला. त्या हसण्याला मी आजही दाद देतो. "देखा? दर्शनाचा प्रभाव. माह्या आईच्या समोर उभा राह्यला आन किडा पळाला. अशी श्रद्धा पाह्यजे." दोघं-चौघं 'जय' म्हणालेसुद्धा.

आशा पुढे झाली. तिच्या हातात तांब्या होता. "महाराज, हे आमच्या विहिरीचं पाणी. यात मी पापडाचा खार घातला. पाहा बरं, विहिरीले काय झालं."

महाराजानं चिंध्यांची जुडी मागे घेतली. पण गर्दीतल्या कौशल्याबाई पुढे सरकल्या, त्यांनी जुडीतली एक चिंधी ओढून काढली आणि स्वतः तांब्यात बुडवली. चिंधी रक्तासारखी लाल. कौशल्याबाईंनी ती उलटीसुलटी करून पाहिली.

"म्हंजे माह्यावाला किडा खाराचा व्हता काय?" त्या म्हणाल्या. "आन मी सात दिस जेवली नाही?"

"आईशी कपट करू नका," महाराजाचा आवाज चढला. "परीक्षा पाह्यता? आई कोपली तं घरदार जाईन."

लोक चुळबुळले. कोपाचं नाव निघालं की शास्त्र अर्ध्यावर राहतं, हे मला माहीत होतं. मी खार-आम्लाचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात अक्का माझ्या बाजूनं निघून ओट्यापर्यंत गेली. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला.

"महाराज, मले वयखता काय?"

"आईचे सगळेच लेकरं."

"मी फागुनात आली व्हती. तुमी मले बोलू नको म्हनलं. मी बोलली नाही. मले बरं वाटलं, बोला लागलं नाही म्हनून." तिचा आवाज बारीक होता, पण गर्दीत दुसरा आवाज नव्हता. "आता बोलतो. मले लघवीतून रक्त जाते. कार्तिकापासून जाते. तुमच्या देवीच्या जिभेले खार समजते, शिळं समजते. माहं रक्त तिले समजलं नाही काय?"

लघवी हा शब्द त्या ओट्यावर इतक्या महिन्यांत पहिल्यांदा उच्चारला गेला होता. दीडदोनशे माणसांसमोर, पुरुषांसमोर, धाकट्या भावासमोर. मी जमिनीकडे पाहत राहिलो. महाराज काहीतरी पुटपुटला, कर्म, प्रारब्ध असलं काही. अक्कानं ऐकून घेतलं नाही. ती वळली आणि मला म्हणाली, "चाल. गाडी कवाची हाये?"

महाराजाला किती कळत होतं, असं मला लोक विचारतात. पहिल्या खेपेला शिळी आणि दुसऱ्या खेपेला ताजी, हा नियम ज्यानं बसवला त्याला सगळं कळत होतं. पुढच्या गुरुवारी ओट्यावर निम्मे लोक होते. हो, निम्मे होते. त्यांतले काही म्हणत होते की मास्तरनं करणी केली. महिनाभरानं महाराज तिथून उठला, आणि वरवट बकाल गावाकडे कोणी पिवळ्या कफनीवाला बसतो, असं नंतर कानावर आलं. तो हाच की दुसरा, मला माहीत नाही.

नागपूरला नळी घालून पाहिलं. गाठ होती. मोठी होती, मूत्राशयाच्या भिंतीत शिरलेली. शस्त्रक्रिया झाली, जितकं निघेल तितकं काढलं. तिथल्या डॉक्टरांनी मला विचारलं, "रक्त कधीपासून?" मी सांगितलं. ते म्हणाले, "सुरुवातीला आला असतात तर वाचली असती, असं छातीवर हात ठेवून नाही सांगता येत. पण तेव्हा गाठ लहान असती. लहान गाठ काढता येते."

अक्का पुढच्या मार्गशीर्षात गेली. शेवटचे तीन महिने ती आमच्याच घरी होती. एकदा मी तिचे पाय चेपत होतो, तेव्हा ती म्हणाली, "उत्तम, माही बाटली फुटली नसती तं जीभ लाल निघाली असती ना रे?"

"निघाली असती."

"मंग मी भेली असती. भेली असती तं रडत तुह्याकडंच आली असती." मग म्हणाली, "तू हासला असता काय?"

मी नाही म्हणालो. खरं उत्तर मला तेव्हाही माहीत नव्हतं.

लोक म्हणतात, बुवा लोकांना भीती घालतो, हे वाईट. मी म्हणतो, भीती घालतो त्याहून दिलासा देतो, हे वाईट. लाल चिंधीनं कौशल्याबाईंचे सात दिवस गेले आणि लुगड्यांची पंचाईत झाली. पिवळ्या चिंधीनं माझ्या बहिणीचा तो वेळ गेला, जो तिच्याकडे फार नव्हता.

आता मी म्हातारा झालो. पेपरात वाचतो की कुठे कुठे प्रयोगशाळांत लघवीतल्या बारीकशा खुणांवरून कॅन्सर ओळखणारी साधनं बनवताहेत. कागदावर थेंब टाकायचा, रंग बघायचा, किंवा यंत्रानं वास ओळखायचा. नातू मला चिडवतो, "आबा, तुमचा महाराज काळाच्या पुढं व्हता." चिडवू दे. ते साधन खरं निघालं तर मी पहिला हात जोडीन. पण त्याआधी अक्काचा प्रश्न विचारीन, तुझा रंग खरा कशावरून? ज्यांना रोग आहे अशा किती जणांना त्यानं ओळखलं? ज्यांना नाही अशा किती जणांना उगाच घाबरवलं? आणि किती जणांना निर्मळ म्हणून घरी पाठवलं, जे निर्मळ नव्हते? डॉक्टर असो, यंत्र असो की महाराज, हा प्रश्न सगळ्यांना सारखाच विचारावा. ज्याच्याकडे उत्तर लिहून ठेवलेलं आहे, त्याच्याकडे जावं. जो म्हणतो प्रश्न विचारू नका, देवी कोपेल, त्याच्या ओट्यावरून उठावं.

आणि लघवीत रक्त दिसलं, एकदाच दिसलं, दुखलं नाही, आपोआप थांबलं, तरी कोणाला तरी सांगावं. लाजू नये. ज्याला सांगाल त्यानं हसू नये. हे दुसरं मी माझ्यासारख्या शहाण्यांसाठी लिहून ठेवतो.